खाली बसणारे पेडल आणि प्रामाण्याचा प्रश्न

एखादे ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरते, आणि ते ठरेपर्यंत माणसाने त्यावर विसंबून वागावे की नाही, हा प्रश्न भारतीय दर्शनांत ‘प्रामाण्यवाद’ या नावाने शतकानुशतके चर्चिला गेला आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान उत्पन्न होते तेव्हाच त्याचे प्रामाण्य, म्हणजे खरेपणा, त्याच्यासोबत येते. पुरावा लागतो तो ज्ञान खोटे ठरवण्यासाठी, आणि तसा पुरावा पुढे येईपर्यंत ते खरेच मानून चालावे. या मताला स्वतःप्रामाण्य म्हणतात. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, याच्या उलट सांगतात की ज्ञान खरे की खोटे हे नुसत्या ज्ञानाकडे पाहून कळत नाही, ते बाहेरून पारखावे लागते, आणि त्या ज्ञानाच्या आधारे केलेली कृती फळाला आली म्हणजे त्याचा खरेपणा अनुमानाने ठरतो, हे परतःप्रामाण्य. हा वाद मुळात वेदांच्या प्रामाण्यासाठी पेटला असला तरी त्यातली उदाहरणे शिंपल्यावर भासणारी चांदी, दोरीवर भासणारा साप, संधिप्रकाशात दिसणारा खांब की माणूस, अशी घरगुती आणि ठरावीक राहिली. त्यांची अडचण अशी की त्यांत चूक झाली तरी कोणाचे फारसे बिघडत नाही. चांदी नव्हे हे कळले की माणूस शिंपला टाकून देतो आणि वाटेला लागतो. जुन्या वाहनाचे ब्रेक पेडल पायाखाली मऊ लागू लागले, किंवा दाबून धरले असता हळूहळू तळाला बसू लागले, तर तोच प्रश्न अशा जागी उभा राहतो जिथे चुकीची किंमत बहुधा चूक न करणारा मोजतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी वसईचे पाचूबंदर ही जागा सोयीची आहे. किल्ल्याला लागून, उल्हास नदीची खाडी समुद्राला मिळते त्या तोंडाशी वसलेली ही हिंदू व ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत किल्ला मराठ्यांच्या हाती आला हे शाळेच्या पुस्तकामुळे सर्वांना ठाऊक असते. त्याच किल्ल्याशेजारी उतरलेली मासळी बाजारापर्यंत रोज कशी पोचते, याकडे इतिहासाचे पुस्तक वळत नाही. ती पोचते टेम्पोने आणि रिक्षाने, अरुंद गल्ल्यांतून, पारनाक्याच्या गर्दीतून, आणि वाहन जितके जुने तितके ते अशाच कामाला लावले जाते, कारण मासळीच्या पाण्यात नवी गाडी घालायला कोणी धजत नाही. खारी हवा आणि पेट्यांतून गळणारे बर्फाचे पाणी चेसिसखालून जाणाऱ्या पोलादी ब्रेक लाइनला गंज चढवते. अशा गाडीच्या काचेमागे कुठे मरिया माउलीची तसबीर असते, कुठे एकवीरा आईची, आणि पुढच्या बंपरला लिंबू-मिरची. श्रद्धा आणि यंत्र एकाच केबिनमध्ये बसलेले असतात, त्यामुळे प्रामाण्याचा प्रश्न येथे केवळ पंडिती राहत नाही.

प्रथम यंत्राकडे पाहावे लागेल. बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब त्यात सर्व दिशांना सारखा पोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल याच्या नावाने ओळखला जाणारा नियम हायड्रॉलिक ब्रेकचा पाया आहे. हा पास्कल गणिती होता तसाच धर्मचिंतकही होता, हे येथे जाता जाता आठवण्याजोगे आहे. पेडल दाबले की त्याचा दांडा मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे ढकलतो, दट्ट्यावरील रबरी कपाची ओठासारखी कड सिलिंडरच्या भिंतीला घट्ट बसून पुढचे ब्रेक ऑइल लाइनमध्ये रेटते, आणि दुसऱ्या टोकाला व्हील सिलिंडर ब्रेक शूंना ड्रमवर, किंवा कॅलिपर पॅडना डिस्कवर दाबतो. ही सारी साखळी एकाच गोष्टीवर अवलंबून असते: द्रव दाबला जात नाही, म्हणजे त्याचे आकारमान व्यवहारात कमी होत नाही. हवा मात्र दाबली जाते. लाइनमध्ये हवेचा बुडबुडा शिरला की पायाचा जोर चाकापर्यंत जाण्याऐवजी बुडबुडा आवळण्यात खर्च होतो, आणि पेडल स्पंजासारखे लागते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, ही दुसरी गोष्ट. डॉट 3 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सियस असावा लागतो, तर त्यात 3.7 टक्के पाणी मुरल्यावर तो 140 अंशांपर्यंत उतरलेला चालतो, आणि डॉट 4 प्रतीसाठी हेच आकडे 230 व 155 आहेत. म्हणजे समुद्राकाठच्या दमट हवेत वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल थंड असताना ठीक वाटते आणि सतत ब्रेक मारून तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते. वाफ हवेसारखीच दाबली जाते. गाडी गॅरेजमध्ये नेईपर्यंत ऑइल निवते आणि दोष नाहीसा होतो.

‘ब्रेक लागत नाही’ या एकाच तक्रारीखाली तीन वेगळ्या अवस्था दडलेल्या असतात, आणि निदानाचा अर्धा भाग त्या वेगळ्या करण्यात आहे. पेडल मऊ, लवचिक लागते पण एका जागी थांबते, ही पहिली. तेथे हवा, वाफ किंवा जुना होऊन दाबाखाली फुगणारा रबरी होज पाइप यांचा संशय घ्यावा. पेडल बरेच खाली जाते पण तेथे कडक लागते, आणि लागोपाठ दोनदा मारले तर वर येते, ही दुसरी. तेथे बहुधा लायनर झिजून शू आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढलेले असते आणि ॲडजस्टमेंट करावी लागते. पेडल नीट कडक लागते, पण पाय तसाच ठेवला की हळूहळू खाली जात राहते, ही तिसरी, आणि सर्वांत फसवी. तेथे द्रव कोठून तरी निसटत असतो. मिस्त्री तिला ‘पेडल बसते’ म्हणतात. वसईच्या जेट्टीवरून भाईंदरकडे जाणारी रो-रो बोट 2024 मध्ये सुरू झाली. त्या जेट्टीच्या उतारावर गाडी पायाच्या ब्रेकवर धरून उभी करताना ही तिसरी अवस्था चटकन उघडी पडते, एरवी रस्त्यावर जोरात मारलेल्या ब्रेकला ती कळतही नाही.

न्यायदर्शनात कार्यावरून कारणाचे जे अनुमान होते त्याला शेषवत् म्हटले आहे. भाष्यकार वात्स्यायन याचे उदाहरण देतो ते नदीचे: पात्र भरून आलेले, प्रवाह वेगवान, तर वरच्या भागात पाऊस झाला असला पाहिजे. न्यायसूत्रांतच यावर आक्षेप नोंदवलेला आहे की नदी खाली बांध पडल्यानेही फुगते, तेव्हा अशा अनुमानाला प्रमाण मानता येणार नाही. सूत्रकाराचे उत्तर थोडक्यात असे की बांधाने तुंबलेले पाणी आणि पावसाने आलेला पूर ही एकच खूण नव्हे. पुराचे पाणी वेगाने येते, फेस आणते, पाने-फांद्या वाहून आणते. चूक अनुमानाची नसते, खूण अर्धवट पाहणाऱ्याची असते. पेडलच्या तीन अवस्था वेगळ्या करणारा मिस्त्री नेमके हेच उत्तर देत असतो. ‘पेडल खाली जाते, म्हणून मास्टर सिलिंडर गेला’ हे अनुमान सव्यभिचार आहे, म्हणजे त्यातली खूण विवक्षित कारणाशिवायही आढळते. गॅरेजमध्ये अनेकदा याच अनुमानाच्या जोरावर नवी किट टाकली जाते आणि पेडल पुन्हा बसते.

शेषवत् शब्दाचा वात्स्यायनाने दुसराही अर्थ दिला आहे: जे जे संभवते ते एकेक करून बाद करावे आणि जे उरेल ते स्वीकारावे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायावरील प्राथमिक ग्रंथाची यशवंत वासुदेव आठल्ये यांनी सिद्ध केलेली आणि महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेसह 1897 मध्ये मुंबईत निघालेली आवृत्ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी अभ्यासली, त्या विद्यार्थ्यांना हा दुसरा अर्थ कोरडा वाटला असल्यास नवल नाही, कारण त्याचे शास्त्रीय उदाहरण शब्द हा गुण आहे की द्रव्य, असे आहे. पेडलवर तो जिवंत होतो. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील निर्वात संपतो; बूस्टर म्हणजे इंजिनाच्या शोषणशक्तीने पायाच्या जोराला साहाय्य करणारा डबा. मग मध्यम दाबाने पाय तसाच धरून ठेवावा आणि अर्धा ते एक मिनिट हालू देऊ नये. पायाच्या तळव्याला पेडल सरकल्याचे जाणवते, डोळ्याला जाणवण्याच्या पुष्कळ आधी. ते स्थिर राहिले तर पाय न उचलता इंजिन सुरू करावे; आता पेडल किंचित खाली जाते, आणि हे खाली जाणे बूस्टर निरोगी असल्याची खूण असते. एकाच हालचालीचा अर्थ इंजिन बंद असताना दोष आणि इंजिन सुरू होताना आरोग्य, असा उलटतो, म्हणून निदान करताना परिस्थिती पक्की धरावी लागते.

पेडल बसतच असेल तर ऑइलच्या डबीतील पातळी पाहावी. पातळी उतरत असेल तर गळती बाहेर आहे: चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर ओघळ, ड्रमच्या मागच्या प्लेटखाली ओल, लाइनवर गंजाच्या फोडाशी जमलेला चिकट थेंब. मासळीच्या गाडीत सारा तळच ओला असल्याने ही ओल कशाची, हे बोटावर घेऊन पाहावे लागते. पाणी उडून जाते, ऑइल बोटांत बुळबुळीत राहते. पातळी उतरते पण कोठेच ओल नाही, असे असेल तर मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून ऑइल बूस्टरमध्ये जात असण्याचा संभव असतो, आणि बूस्टर नसलेल्या जुन्या गाडीत ते पेडलच्या दांड्यावरून चालकाच्या पायाशी उतरते. पातळी मुळीच उतरत नसेल आणि पेडल तरी बसत असेल, तर उरतो तो मास्टर सिलिंडरचा आतला कप: त्याची कड झिजल्याने द्रव तिला वळसा घालून परत डबीतच येतो. तरीही हा निष्कर्ष पक्का करण्यासाठी मास्टर सिलिंडरची बाहेर जाणारी तोंडे प्लगने बंद करून पेडल पुन्हा दाबून धरावे लागते. आता ते दगडासारखे उभे राहिले तर मास्टर सिलिंडर निर्दोष ठरतो आणि शोध एकेका होज पाइपला क्लॅम्प लावत चाकांकडे न्यावा लागतो. येथेही एक सापळा आहे. झिजलेल्या कपाची कड जोराच्या दाबाने भिंतीवर पसरून बसते आणि हलक्या दाबाने सुटते, म्हणून जोरात लाथ मारून पाहणाऱ्याला सर्व ठीक वाटते आणि सिग्नलला अलगद पाय ठेवून उभ्या असलेल्या गाडीचे पेडल खाली जाते. ज्या परीक्षेत दोष दिसूच शकत नाही ती कितीदाही केली तरी परीक्षा ठरत नाही.

तपासणीच दोष निर्माण करते, अशीही एक शक्यता जुन्या गाडीत असते. हवा काढताना, म्हणजे निपल उघडून ब्लीडिंग करताना, साहाय्यक पेडल तळापर्यंत दाबतो. एरवी दट्ट्या सिलिंडरच्या ज्या पुढच्या भागात कधी जात नाही, तेथे ओलाव्याने गंजाचे खडे बसलेले असतात, आणि त्यांवरून कप फिरला की त्याची कड चिरते. गाडी मऊ पेडल घेऊन आलेली असते आणि बसणारे पेडल घेऊन जाते. नैयायिक ज्याला उपाधी म्हणतात, म्हणजे धूर आणि अग्नी यांच्या नात्यात लपून बसलेले ओले सरपण, तसा हा लपलेला घटक. तो न ओळखणारा ‘हवा काढली की पेडल सुधारते’ हा नियम बिनशर्त समजून बसतो.

आता मूळ वादाकडे वळता येईल. गाडी चालवणारा माणूस स्वभावतः मीमांसक असतो, आणि त्यात काही वावगे नाही. प्रत्येक वळणाआधी ब्रेकचे प्रामाण्य सिद्ध करू पाहणारा गाडी चालवूच शकणार नाही. नैयायिक उदयनाचार्यांनी दहाव्या शतकात संशयाची मर्यादा सांगितली ती हीच: जेथे संशय स्वतःच्या कृतीशीच विसंगत होतो तेथे तो थांबतो. मीमांसक कुमारिलभट्टांनीही म्हटले आहे की तीन-चार ज्ञानांच्या पलीकडे पडताळणी वाढवत नेण्याची गरज नसते. मिस्त्री मात्र धंद्यानेच नैयायिक. त्याच्यासमोर आलेली गाडी संशयित म्हणूनच आलेली असते, आणि वात्स्यायनाच्या मते न्यायाची प्रवृत्ती अज्ञात वस्तूविषयी नसते, निश्चित झालेल्या वस्तूविषयीही नसते, ती संशयित वस्तूविषयीच असते. दोघांचे जग वेगळे आहे तोवर वाद नाही. वाद सुरू होतो तो चालकाच्या पायाला पेडल पहिल्यांदा मऊ लागते त्या क्षणी, कारण मीमांसेच्याच नियमाप्रमाणे दोषाचे ज्ञान झाले की स्वतःप्रामाण्याचा आधार सुटतो. त्या क्षणानंतर ‘आजवर ब्रेक लागत आला’ हे म्हणणे कुमारिलांच्या आश्रयाला जाऊ शकत नाही.

चालक तेव्हा काय करतो? तो पेडल दोन-तीनदा पंप करतो, पेडल वर येते, गाडी थांबते. येथे नैयायिकांचा निकष अडचणीत येतो, आणि हे मान्य केलेच पाहिजे. कृती फळाला आली, गाडी थांबली, मग ‘ब्रेक चांगला आहे’ हे ज्ञान प्रमाण ठरले काय? रोज पन्नास वेळा असे यश येते आणि प्रत्येक यश चुकीच्या समजुतीला बळकटी देते. पेडल हळूहळू खाली जात असल्याने पायही हळूहळू त्याला सरावतो आणि दोषाची जाणीवच पुसली जाते. नैयायिकाने यावर असे उत्तर द्यावे लागेल की फळाला आलेले ज्ञान ‘पंप केल्यास थांबते’ एवढेच होते, ‘दाबल्यास थांबते’ हे नव्हे, आणि यश मोजताना कोणते ज्ञान यशस्वी झाले हे नेमके सांगितले पाहिजे. उत्तर बरोबर आहे, परंतु त्यातून एक गोष्ट निघते जी परंपरेने पुरेशी ठळक केली नाही: प्रामाण्य ठरवण्यासाठी नुसते यश चालत नाही, जेथे अपयश येऊ शकले असते अशा परीक्षेतले यश लागते. मिनिटभर पाय धरून ठेवण्याची परीक्षा तशी आहे. सकाळी बंदरावरून बाजारापर्यंत सुखरूप पोचणे तसे नाही.

यंत्राचा प्रश्न येथे धर्माच्या प्रश्नाला भिडतो. संशय आलेला असताना ‘देव सांभाळील’ या भरवशावर गाडी काढणे ही श्रद्धा होय का? इंग्लिश गणिती विल्यम क्लिफर्ड याने 1877 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ या निबंधात जहाजमालकाचे उदाहरण घेतले आहे. जहाज जुने, वारंवार डागडुजी केलेले. मालकाच्या मनात शंका येते, पण इतक्या सफरी पार पडल्या, शिवाय परमेश्वर इतक्या कुटुंबांना कसे बुडवील, अशी मनाची समजूत घालून तो जहाज सोडतो, आणि ते बुडते. क्लिफर्डचा निर्णय असा की त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी तो बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता, आणि जहाज सुखरूप पोचले असते तरी त्याचा अपराध कमी झाला नसता. ज्या वस्तीत होडीच्या फळीची भेग दर्यात जाण्याआधी बुजवण्याची शिस्त आहे, तिला हा निर्णय समजावून सांगण्याची गरज नाही. होडीला लावलेली शिस्त टेम्पोला का लागत नाही, एवढाच प्रश्न उरतो. क्लिफर्ड पुढे जाऊन पुरेशा पुराव्याशिवाय कोणीही कशावरही विश्वास ठेवू नये असा सरसकट नियम करतो, तो अतिरेक आहे, आणि 1896 मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने त्यावर घेतलेली हरकत योग्यच होती. परंतु पुराव्याविना विश्वास ठेवण्याची जेम्सची सवलत पुराव्याने न सुटणाऱ्या प्रश्नांसाठी आहे. ब्रेकचा प्रश्न एका मिनिटात सुटतो.

धर्मपरंपराही चालकाच्या बाजूने उभ्या राहत नाहीत. मत्तयच्या शुभवर्तमानात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगतो, देवदूत झेलतील असे वचनही शास्त्रातूनच काढून दाखवतो, आणि येशू ते देवाची परीक्षा पाहणे म्हणून नाकारतो. मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस अशा अवाजवी भरवशाची गणना आशेच्या विरुद्ध जाणाऱ्या पापांत करतो. याज्ञवल्क्यस्मृती दैव आणि पुरुषप्रयत्न यांचा विचार करताना एका चाकाने रथ चालत नाही असा दाखला देते. पाचूबंदरच्या दोन्ही समाजांची शास्त्रे येथे एकमुखी आहेत. काचेमागची तसबीर कप बदलण्याला पर्याय म्हणून लावलेली नसते, आणि तिला तसे वापरणे हा तिचाच अवमान आहे. लिंबू-मिरचीविषयी एवढे कठोर बोलण्याचे कारण नाही, कारण ती बांधणाराही ती ब्रेकच्या जागी बांधत नाही. दोष येतो तो ती बांधून झाल्यावर बॉनेट न उघडण्यात.

कायद्याने हा प्रश्न तत्त्वज्ञांपेक्षा कमी शब्दांत सोडवला आहे. मालवाहू गाडी आठ वर्षांहून जुनी झाली की तिला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, पण कपाची कड प्रमाणपत्राची मुदत पाहून झिजत नाही, आणि हे ओळखूनच मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 190 मध्ये धोकादायक दोष असलेली गाडी चालवणाऱ्याबरोबर ती चालवू देणाऱ्यालाही जबाबदार धरले आहे, मग तो दोष त्याला माहीत असो किंवा सामान्य काळजी घेतली असता कळू शकला असता असा असो. हा दुसरा पर्याय महत्त्वाचा, कारण ‘मला कळले नव्हते’ हे उत्तर त्याने बंद होते. तेव्हा गाडीच्या मालकांनी पहाटे पेट्या चढवण्याआधी इंजिन बंद ठेवून तो एक मिनिट पाय पेडलवर, हलका, धरून पाहावा; पेडल खाली सरकले तर त्या दिवशी मासळी दुसऱ्याच्या टेम्पोतून पाठवावी, भाडे गेले तरी चालेल.